पाठमोऱ्या उतरणाऱ्या मुली

चाळीसेक मुली जेवायला बसल्या होत्या आणि हॉलमध्ये बोलण्याचा आवाज नव्हता. ताटवाट्यांचा होता तेवढाच. विशीच्या आतबाहेरच्या मुली एकत्र जेवताना इतक्या गप्प मी कधीच पाहिल्या नव्हत्या. लग्नाच्या पंगतीत नाहीत आणि तेराव्याच्या पंगतीतही नाहीत. प्रत्येकीच्या ताटाशेजारी स्टीलचा पेला होता आणि सगळे पेले पालथे होते. जेवणं संपली तरी कुणी उठेना. मग सुभेदारांनी शिट्टी वाजवली. सगळ्यांनी तळवे जमिनीवर टेकले आणि त्या भिंतीला पाठ घासत हळूहळू वर सरकल्या. चेहऱ्यांवर काही नव्हतं. कुणाच्या तोंडून साधं 'आई गं' आलं नाही.

"शिस्त बघा मॅडम," सुभेदार म्हणाले.

मी बघतच होते. मला ते मुळीच आवडलं नाही, पण का आवडलं नाही ते त्या वेळी सांगता आलं नसतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे मालिशवाली नव्हे, हे मला अजूनही आठवड्यातून एकदा तरी कुणाला तरी सांगावं लागतं. स्नायू, सांधे आणि हालचाल हे माझं काम. साताऱ्यात क्लिनिक आहे. साताऱ्यात निवृत्त फौजी गल्लोगल्ली, त्यामुळे कंबर आणि गुडघे यांचा मला कधी तोटा पडला नाही. सुभेदार त्यांच्यातलेच एक. कंबर धरली म्हणून आले, बरे होऊन गेले आणि तेव्हापासून माझा शब्द म्हणजे ऑर्डर असं चारचौघांत सांगायचे. ऑर्डर पाळायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी.

फौज सोडल्यावर त्यांनी कडेगाव तालुक्यात आपल्या गावाजवळ मुलींसाठी भरतीची अकॅडमी काढली. पोलीस भरती, सैन्य भरती. उसातून जाणारा रस्ता संपतो तिथे माळ लागतो, माळाच्या टोकाला डोंगर आहे आणि डोंगरावर देऊळ. खालपासून वरपर्यंत दगडी पायऱ्या. पायथ्याला तळं आहे. आमच्या भागात तळं म्हटलं की साती आसरा आल्याच. पाण्याजवळ राहणाऱ्या या सात बायका. त्यांच्या मानपानात काही चुकलं की आसरा माणसाचे पाय धरून ठेवतात, मग पाय चालत नाहीत, असं मानतात.

सुभेदारांनी मला बोलावलं त्याचं कारण हेच. नवी बॅच आली आणि काही दिवसांतच तीन मुली घरी गेल्या. आईबाप येऊन घेऊन गेले. मुलींचे पाय धरले गेलेत, असं त्यांचं म्हणणं. गावात तर त्याहून पुढची गोष्ट चालू होती. पहाटे डोंगरावरून मुली उतरतात तेव्हा त्यांचे पाय उलटे झालेले असतात, असं लोक शपथेवर सांगत होते. सकाळी तळ्यावर म्हशी नेणं लोकांनी बंद केलं होतं.

सुभेदारांचा आसरांवर विश्वास नव्हता. त्यांचं निदान वेगळं होतं. "पोरी स्ट्रेचिंग चोरत्यात मॅडम," ते फोनवर म्हणाले होते. "तुमी या आन् शास्त्रासकट सांगा. मी सांगून कटाळलो. डाक्टरीणबाईनं सांगितलं की पटंल त्यास्नी."

स्ट्रेचिंग म्हणजे व्यायामाआधी स्नायू ताणून धरणं. वाकून पायाचे अंगठे पकडायचे, एक पाय मागे दुमडून टाच धरायची आणि तसंच थांबायचं. हे केलं की व्यायामानंतर अंग दुखत नाही, अशी आपल्याकडे शाळेच्या पीटीपासून सगळ्यांची समजूत आहे. तो गैरसमज आहे. पण तो काढायला मी सातारा ते कडेगाव गाडी हाकत जाईन असं मला वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, एक लेक्चर देऊ, तिथल्या काकूंच्या हातची भाकरी खाऊ आणि परत येऊ.

जेवणाच्या हॉलमध्ये सुभेदारांनी मला एक मुलगी दाखवली. पूनम. जत तालुक्यातली, कर्नाटकच्या हद्दीजवळच्या वाडीतली. लांबसडक पाय, सावळी, डोळे खाली. बॅचमध्ये सगळ्यांत चांगली धावते, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात सांगलीला तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. बॅचमध्ये ती वयाने मोठी, त्यामुळे वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. "हिला खाकी घालूनच सोडणार," सुभेदार म्हणाले. त्या वेळी पूनम भिंतीला टेकून उभी होती. सगळ्या गेल्या तरी ती तिथेच होती. मग भिंतीला हात लावत लावत ती दाराबाहेर गेली.

तिथे अंधार पडायच्या आत जेवण उरकायची पद्धत होती. जेवणानंतर मी मुलींच्या संडासात गेले. दार लावून वळले आणि जागच्या जागी थिजले. खिडकीच्या गजाला ओढणी बांधलेली होती. खाली लोंबत होती आणि टोकाला फास होता.

मी बाहेर आले. शेजारचं दार ढकललं. तिथेही ओढणी, तिथेही फास. ओळीतल्या सगळ्या संडासांत तसंच. संध्याकाळचा तांबूस उजेड त्या खिडक्यांतून येत होता आणि त्या रंगीबेरंगी ओढण्या वाऱ्याने हलत होत्या. हॉलमधले ते गप्प चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले.

मग जरा धीर करून नीट पाहिलं. फास माझ्या कमरेच्या उंचीवर होते. हे गळफासासाठी बांधलेले वाटत नव्हते. आणि कापड फासापाशी मळलेलं होतं, रोज पुष्कळ हातांनी धरल्यासारखं.

काकू म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, मेस त्याच बघायच्या. त्यांना विचारलं. त्यांनी आधी तळ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आसरांच्या नावानं बांधल्यात म्हणत्यात पोरी. मी न्हाई हात लावत. तुमी बी काढू नगा."

मी तळ्यापर्यंत चालत गेले. काठावरच्या शेंदूर लावलेल्या सात दगडांपुढे दहीभात होता, हिरव्या बांगड्या होत्या, हळदकुंकू होतं. सगळं ताजं. आणि त्यावर एक पांढरा मोजा ठेवलेला होता. धुतलेला, नीट घडी घातलेला, एकच. मी हाडाची शास्त्रवाली आहे, पण त्या मोज्याकडे बघून माझ्या अंगावर काटा आला. झोप नीट लागली नाही.

पहाटे उठून मैदानावर गेले तेव्हा माळावर धुकं होतं. मुली रांगेत वाकून उभ्या होत्या. डोकी गुडघ्यांना, हात घोट्यांना. एकही हलत नव्हती. सुभेदारही त्यांच्यापुढे तसेच वाकलेले होते. किती वेळ त्यांनी मुलींना तसं धरून ठेवलं ते मी मोजलं नाही, पण माझी शाल दवाने ओली झाली. मग शिट्टी झाली आणि सगळ्या डोंगराकडे गेल्या. रोज पहाटे आधी स्ट्रेचिंग, मग पायऱ्या चढून देवदर्शन, मग खाली, मग मैदानावरचं धावणं. पहिल्या दिवसापासून हाच क्रम.

सुभेदार आणि मी पायथ्याशी तळ्याजवळ थांबलो. वर काही दिसत नव्हतं. बराच वेळ काही ऐकूही आलं नाही. मग दगडावर बूट घासल्याचा बारीक आवाज येऊ लागला, पण आवाजात घाई नव्हती. चाळीस मुली डोंगर उतरतात तेव्हा दडदड व्हायला हवी. हे काहीतरी सरपटत येत होतं.

धुक्यातून आधी टाचा दिसल्या.

टाच खाली यायची, दगड चाचपायची, टेकायची. मग दुसरी टाच. मग पाठ, वेणी, डोक्याची मागची बाजू. एकीच्या वर दुसरी, तिच्या वर तिसरी. सगळ्यांचा एक हात लोखंडी कठड्यावर आणि तोंडं वर देवळाकडे. कुणी मान वळवून बघत नव्हतं. तळ्याच्या पलीकडे एक म्हातारा चुकून म्हैस घेऊन आला होता. त्याने ते पाहिलं आणि म्हशीला तिथूनच माघारी फिरवलं. मला भीती वाटली. दिवस उजाडत होता, शेजारी सहा फुटी फौजी उभा होता, तरी वाटली.

सुभेदारांच्या चेहऱ्यावर मात्र कौतुक होतं. "देवाला पाठ दाखवत न्हाईत पोरी. मी शिकवलं न्हाई मॅडम, आपसूक आलं."

आपल्याकडे गाभाऱ्यातून निघताना चार पावलं मागे सरत येणारी माणसं असतात. पण चार पावलं. अख्खा डोंगर नव्हे.

पहिली मुलगी माझ्यापर्यंत आली तेव्हा माझं लक्ष तिच्या गुडघ्यांकडे गेलं. गुडघा ती वाकू देत नव्हती. पाय ताठ ठेवून, सगळा भार हातावर घेऊन खाली येत होती. आणि माझी भीती एकदम उतरली, कारण हे मी क्लिनिकमध्ये कितीतरी वेळा पाहिलं होतं. सुट्टीत गड चढून आलेली ऑफिसातली माणसं दोन दिवसांनी माझा जिना अशीच उतरतात.

इथे जरा शास्त्र सांगते. पायऱ्या चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांबत जातो आणि लांबता लांबता शरीराला ब्रेक लावतो. सवय नसताना हे ब्रेक लावणं जास्त झालं की स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, म्हणूनच लोकांना ते कुणीतरी केल्यासारखं वाटतं. मग उतरता येत नाही, उकिडवं बसता येत नाही. उलटं उतरलं की मांडीला जरा कमी लागतं. ओढण्यांचं कोडंही तिथल्या तिथे सुटलं. त्या फासात हात घालून मुली संडासात बसत होत्या आणि उठत होत्या.

म्हणजे अख्खी बॅच दुखत होती आणि एकही बोलत नव्हती.

मी पहिलीला विचारलं, उलटी का उतरतेस. "देवाला पाठ दाखवायची न्हाई, मॅडम." दुसरीला विचारलं. तेच शब्द, तोच सूर. तिसरीचंही तेच. चौथीला मी काही विचारलं नाही. तिच्या मांडीवर अंगठा दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं. चेहरा हलला नाही.

"दुखतं?"

"न्हाई, मॅडम."

मी सुभेदारांना बाजूला घेतलं. दुखतं म्हणणाऱ्या मुलीला काय करता, असं विचारलं. त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. ज्याचं दुखतं त्याने स्ट्रेचिंग चोरलं, हा त्यांचा नियम. चोरीला शिक्षा हवी. शिक्षेला फौजेत रगडा म्हणतात. इथला रगडा म्हणजे जादा स्ट्रेचिंग आणि पुन्हा पायऱ्या.

"किती वेळा?"

"दुखायचं थांबंपर्यंत."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, पण इथे बंबात रॉकेल होतं. उतरून दुखलं म्हणून पुन्हा उतरवायचं. मी म्हटलं, व्यायामाआधी स्ट्रेचिंग केलं काय आणि न केलं काय, नंतरच्या दुखण्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो हळूहळू वाढवण्याने. पहिल्या दिवशी थोड्या पायऱ्या, मग जरा जास्त. स्नायूला एकदा सवय झाली की तेच काम पुढच्या वेळी दुखवत नाही. सुभेदारांचा चेहरा उतरला, पण हार मानणारा माणूस नव्हे तो. "मॅडम, मी उभ्या जिंदगीत रोज स्ट्रेचिंग करून पळालो. माजं का दुखलं न्हाई मग?" रोज पळालात म्हणून, असं मी म्हणाले. ते त्यांना पटलं नाही.

तेवढ्यात मुली मैदानाकडे वळल्या आणि माझ्या लक्षात आलं की पूनम उतरलेली नाही. विचारलं तर सगळ्या पुन्हा एका सुरात: "ध्यानाला बसलीया." रांगेतल्या एका बुटक्या मुलीने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली केली. मी तिचा दंड धरला, तेव्हा ध्यान कसलं, पूनमला वरून उठताच येत नाही, असं तिने हळूच सांगितलं. ती पूनमच्या शेजारच्या कॉटवर झोपायची. आसरांनी पाय सोडावेत म्हणून तळ्यावर पूनमचा मोजा तिनेच ठेवला होता, पूनमने सांगितलं म्हणून.

मी पायऱ्या चढायला लागले. सुभेदार मागून आले. वर धुकं दाट होतं आणि देवळात कुणी नव्हतं. सगळ्यांत वरच्या पायरीवर पूनम बसली होती. पाय पुढे सरळ पसरलेले, हात दोन्ही बाजूंना टेकलेले. एका पायात मोजा नव्हता, बूट तसाच घातलेला. आमच्याकडे बघून ती हसली. ते हसणं मला नको होतं.

"मॅडम, पाय माजं न्हाईत आता," ती म्हणाली. "त्यांनी घेतलं."

मी तिच्या मांडीला हात लावला. दगड. ट्रॅकपँट सुजेने ताणली होती. पाय उचल म्हटलं तर उचलता येईना. वर चढताना कठड्याला हातांनी ओढत आली होती आणि वर येऊन बसली ती बसलीच. मी सुभेदारांना दहा पावलं लांब जायला सांगितलं. मग तिला विचारलं, लघवी कशी होते.

तिने आधी सुभेदार किती लांब गेलेत ते पाहिलं. मग म्हणाली, "काल सांजच्याला काळी झाली. बिनदुधाच्या च्यावानी. आसरांनी रगत घेतलं मॅडम. मी त्यांच्या वाटंत लय येळा आले."

"पाणी किती पितेस?"

"पित न्हाई. प्यालं की बसाया लागतं."

पालथ्या पेल्यांचा अर्थ मला तिथे कळला. बसणं टाळायला चाळीस मुली पाणी टाळत होत्या.

अंग दुखणं वेगळं आणि हे वेगळं. इजा हाताबाहेर गेली की स्नायू फुटायला लागतो आणि त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं. ते गाळून बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. अंगात पाणी नसेल तर ती तुंबतात आणि बंद पडतात. काळी लघवी ही त्याची खूण. अशा पेशंटला तासांचा हिशोब असतो. मला नंतर कळलं, पूनमने पहिल्या आठवड्यात एकदाच 'दुखतंय' म्हटलं होतं. तेव्हापासून तिचा रगडा चालू होता. आणि तिचं बघून बाकीच्यांनी तो शब्दच सोडला होता.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. तिने कठडा घट्ट धरला.

"पुढल्या आठवड्यात ग्राउंड हाय माजं," ती म्हणाली. "ह्या टायमाला न्हाई झालं तर पुन्हा न्हाई. जतला मेंढरांमागं न्हाई जायचं मला. मॅडम, अव्वाला फोन करू नगा. मी उतरते. उलटी उतरते."

"पूनम, तुझी मूत्रपिंडं जातील. मरशील."

"आठ दिवस ऱ्हाऊ द्या फक्त."

तिची बोटं मी एकेक करून सोडवली. त्या मुलीच्या हातात काय ताकद होती. मला रडू येत होतं आणि सुभेदारांचा राग येत होता आणि दोन्हींना वेळ नव्हता.

खाली न्यायचं कसं हा प्रश्न होता. मुलींना स्वतःलाच उतरता येत नव्हतं. पायथ्याशी गावातले पाच-सात जण जमले होते. मी वरून हाका मारल्या, पण एकही पायरी चढला नाही. आसरांनी धरलेल्या मुलीला हात कोण लावणार. सुभेदारांनी टोपी काढून खिशात कोंबली, तिच्यासमोर पाठ करून उकिडवे बसले आणि म्हणाले, "बस, पोरी." त्यांच्या कमरेवर मी महिनाभर मेहनत घेतली होती. मी त्यांना थांबवलं नाही.

देवाकडे पाठ करून, पूनमला पाठुंगळी घेऊन ते सरळ उतरले. मध्ये एकदाही टेकले नाहीत. पूनम त्यांच्या खांद्यावर तोंड खुपसून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत होती. मी बाजूने तिचा पाय धरून चालले, कारण पाय हलला की ती कळवळायची. खालची माणसं आम्हाला बघून वाट सोडून लांब झाली.

कडेगावात एका ओळखीच्या डॉक्टरांनी लगेच सलाइन लावलं आणि आम्ही तशीच तिला सांगलीला नेली. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी एक दिवस गेला असता तर डायलिसिसवर घ्यावी लागली असती. सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या गेल्या. लघवीचा रंग हळूहळू निवळला. तिची अव्वा, म्हणजे आई आली, डोक्यावर पदर घेऊन कॉटशेजारी जमिनीवर बसली आणि दिवसातून अनेकदा उठून मुलीच्या पायांना हात लावून बघायची.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगलीला गेले. हॉस्पिटलची लिफ्ट बंद होती. मी जिना चढत होते आणि वरून कुणीतरी पाठमोरं उतरत होतं. दोन्ही हातांनी कठडा धरून, पाय ताठ ठेवून. नर्स थांबून बघत होत्या. सुभेदार होते. मला बघून ते तिथेच पायरीवर टेकले. टेकताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"लय दुखतंय ओ, मॅडम," ते म्हणाले. मग मांड्या चोळू लागले. "आन् त्या दिवशी सकाळी मी पोरींसंगं पुरं स्ट्रेचिंग केलं हुतं. मी तर काय चोरलं न्हवतं."

मी तासभर लेक्चर देऊन जे पटवणार होते ते त्यांच्या मांड्यांनी पटवलं होतं. ते रडत होते, पण ते मांड्यांसाठी नसावं.

गावाने मात्र याचा अर्थ आपल्या परीने लावला. सुभेदारांनी देवाला पाठ दाखवली आणि आसरांच्या हातची पोर हिसकावून नेली, म्हणून तिसऱ्या दिवशी आसरांनी त्यांचेच पाय धरले. माझा पुरावा तोच त्यांचाही पुरावा. मी वाद घातला नाही. तो म्हातारा अजून म्हैस पलीकडच्या ओढ्यावर नेतो.

अकॅडमी चालू आहे. रगडा बंद झाला. नवी मुलगी पहिल्या आठवड्यात अर्ध्या पायऱ्याही चढत नाही. संडासात लोखंडी दांड्या बसवल्या. सकाळी मैदानावर आता इतका गलका असतो की सुभेदार वैतागतात. एक म्हणते पोटरी धरली, दुसरी म्हणते माझी मांडी. वैतागतात, पण ऐकून घेतात. स्ट्रेचिंग त्यांनी सोडलेलं नाही. अंग मोकळं वाटतं, म्हणतात. वाटू दे. त्याने नुकसान काही होत नाही.

पूनमचं ग्राउंड ती कॉटवर असताना होऊन गेलं. हॉस्पिटलच्या खिडकीतून मैदानाकडे जाणारा रस्ता दिसायचा, त्या सकाळी तिने खिडकीकडे पाठ केली. मूत्रपिंडं वाचली. पाय पूर्ण बरे व्हायला काही महिने लागले. ते महिने ती साताऱ्याला माझ्याकडे यायची. व्यायाम मुकाट्याने करायची. एकदा पायाला पट्टा बांधताना ती म्हणाली, "मॅडम, तुमी आठ दिवसांनी आला असता तर बरं झालं असतं." मी म्हटलं, तेव्हा तू मला जिवंत भेटली नसतीस. तिने मान हलवली. तिला ते पटलं होतं, पण तिने वाक्य मागे घेतलं नाही. आता ती जतलाच असते, मेंढरांमागे. आईचा फोन येतो कधीतरी. पूनम फोनवर येत नाही.

या प्रकरणानंतर मला अकॅडम्या, शाळा, कुस्तीच्या तालमी अशा ठिकाणांहून लेक्चरला बोलावणी येतात. विषय बहुतेक ठिकाणी स्ट्रेचिंग हाच असतो. मी ते पाच मिनिटांत उरकते. मग मास्तरांना सांगते की मुलांना दुखतंय का असं विचारू नका, कारण तुमच्यासमोर उत्तर नेहमी 'नाही' असंच येणार. पाणी किती प्यायलात आणि लघवीचा रंग कसा आहे, हे दोन प्रश्न विचारा. मास्तर लाजतात, मुलं हसतात. हसू द्या. पूनमला हे दोन प्रश्न कुणी आठवडाभर आधी विचारले असते, तर ती आज खाकीत असती.